टाचेच्या आकड्यावरून हाडांचा निकाल लावू नका : राज्याच्या आरोग्य विभागाला खुले पत्र

प्रति,
मा. सचिव, सार्वजनिक आरोग्य विभाग,
मा. सचिव, वैद्यकीय शिक्षण विभाग,
महाराष्ट्र शासन, मुंबई

विषय : हाडांच्या ठिसूळपणाचे निदान आणि उपचारांचा पाठपुरावा यांतील दुरुस्त करण्याजोग्या चुका

महोदय,

२० ऑक्टोबरला जागतिक ऑस्टिओपोरोसिस (हाडांचा ठिसूळपणा) दिन असतो. त्याच्या आगेमागे गावोगावी ‘मोफत बीएमडी तपासणी’चे, म्हणजे हाडांची घनता मोजण्याचे, फलक लागतात. मांडवात दोन टेबले, त्यावर एक छोटे यंत्र. टाचेला जेल लावायचे, पाय खोबणीत ठेवायचा, मिनिटभरात कागदाची पट्टी बाहेर येते. पट्टीवर टी-स्कोअर, म्हणजे निरोगी तरुण हाडाशी तुलनेचा आकडा, आणि लाल-पिवळा-हिरवा पट्टा. लाल आलेल्या बाईला तिथल्या तिथे सांगितले जाते, ‘तुमची हाडे ठिसूळ झालीत’, आणि हातात कॅल्शियमची बाटली पडते. यातल्या बऱ्याच शिबिरांना शासकीय आवार आणि शासकीय कर्मचारी मिळतात, म्हणून हे पत्र आपल्याला.

टाचेचे यंत्र हाडाची घनता मोजतच नाही. टाचेच्या हाडातून ध्वनिलहर किती वेगाने जाते आणि किती मंदावते, एवढे ते मोजते. जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ मध्ये ठिसूळपणाच्या निदानासाठी टी-स्कोअर उणे २.५ ची जी रेघ आखली, ती कंबरेचे मणके, खुबा आणि मनगटाजवळचे हाड यांच्या क्ष-किरण मोजमापासाठी, म्हणजे डेक्सासाठी वापरली जाते. टाचेचा उणे २.५ आणि खुब्याचा उणे २.५ ही दोन वेगळी मापे आहेत. नाव सारखे असल्याने गल्लत होते. टाच थंड असेल, पायावर सूज असेल, टाचेला भेगा पडून जेलखाली हवा अडकली असेल, तरी आकडा हलतो. त्यामुळे एका बाईची टाच ‘हिरवी’ आणि खुबा ठिसूळ, तर दुसरीची टाच ‘लाल’ आणि खुबा ठणठणीत, असे दोन्ही घडते. पहिलीला खोटा दिलासा मिळतो, दुसरीला नको त्या गोळ्या. उपचार लागू पडतात का हे पाहायला तर हे यंत्र अजिबात चालत नाही, कारण औषधाने टाचेच्या मापात होणारा बदल यंत्राच्या स्वतःच्या चुकीपेक्षा लहान असतो.

जिथे डेक्साची सोयच नाही तिथे ‘कोणाला पुढे पाठवायचे’ एवढे ठरवायला टाचेची तपासणी चालेल, तीही त्या विशिष्ट यंत्रासाठी ठरवलेली मर्यादा वापरून. पण चाळणीच लावायची तर तिला यंत्रही लागत नाही. आशियाई स्त्रियांसाठी २००१ मध्ये तयार झालेला ‘ओस्टा’ निर्देशांक फक्त वजन आणि वय मागतो. किलोतल्या वजनातून वय वजा करा आणि उत्तराला ०.२ ने गुणा. वजन ४२ किलो आणि वय ६८ असेल तर ४२ उणे ६८ म्हणजे उणे २६, गुणिले ०.२, उत्तर उणे ५.२. उणे ४ च्या खाली धोका जास्त, उणे १ ते उणे ४ मध्यम, त्याच्या वर कमी. हा निर्देशांक पाळी गेलेल्या बायकांसाठी आहे. तरुण मुलीला किंवा पुरुषाला लावू नये. आशाताई तिशीपुढच्या प्रत्येकाचा सी-बॅक, म्हणजे आजारांच्या जोखमीची प्राथमिक पाहणी करणारा, अर्ज भरतातच. त्यात वजनाची एक ओळ घाला आणि हा हिशेब मोबाइलवर आपोआप होऊ द्या. सोबत आणखी तीन प्रश्न विचारा : पन्नाशीनंतर किरकोळ पडून हाड मोडले आहे का, आई किंवा वडिलांचा खुबा मोडला होता का, आणि दम्यासाठी, संधिवातासाठी किंवा अंगावरच्या सुजेसाठी स्टिरॉइडच्या गोळ्या तीन महिन्यांहून जास्त घेतल्या आहेत का. शिबिराच्या मांडवाला जो खर्च येतो, त्याहून हे स्वस्त पडेल.

यातला पहिला प्रश्न सगळ्यात मोलाचा, आणि नेमका तोच आपल्या रुग्णालयांत विचारला जात नाही. उभ्या उंचीवरून किंवा त्याहून खालून पडून खुबा मोडला, किंवा मणका दबला, आणि गाठ, जंतुसंसर्ग असे दुसरे कारण सापडले नाही, की ऑस्टिओपोरोसिसचे निदान झाले. त्याला टी-स्कोअर लागत नाही. मोडलेली बरीच हाडे उणे २.५ च्या वरच्या, ‘ऑस्टिओपेनिया’ म्हटल्या जाणाऱ्या पट्ट्यातली असतात, कारण त्या पट्ट्यात माणसेच जास्त आहेत. तरी न्हाणीघरात घसरून खुबा मोडलेली सत्तरीची बाई रुग्णालयात येते, शस्त्रक्रिया होते, सळी किंवा कृत्रिम सांधा बसतो, टाके निघतात आणि डिस्चार्ज कार्डावर हाडाचे नाव, शस्त्रक्रियेचे नाव, प्रतिजैविके आणि ‘चालण्याचा व्यायाम’ एवढेच लिहिलेले असते. हाड का मोडले याची ओळ कार्डावर नसते. दुसरा खुबा मोडायचा धोका मात्र त्याच दिवसापासून वाढलेला असतो.

यावरचा इलाज जगात जुना आहे. ग्लासगोमध्ये १९९९ पासून फ्रॅक्चर लायझन सेवा चालते. तिच्यासाठी नवी इमारत लागत नाही, एक प्रशिक्षित परिचारिका किंवा ब्रदर लागतो. त्याने रोज सकाळी अस्थिरोग वॉर्ड आणि प्लास्टर रूमच्या नोंदवहीतून पन्नाशीपुढचे, किरकोळ पडून हाड मोडलेले रुग्ण वेगळे काढायचे. घरी जायच्या आत कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फेटेज, क्रिएटिनिन, ‘ड’ जीवनसत्त्व, थायरॉइड, हिमोग्लोबिन, ईएसआर आणि रक्तातील प्रथिनांचे इलेक्ट्रोफोरेसिस पाठवायचे. शेवटची तपासणी मायलोमा हा मज्जेचा कर्करोग सुटू नये म्हणून. तो पाठदुखी आणि दबलेला मणका घेऊन येऊ शकतो. मग उपचार सुरू करायचे आणि तीन महिन्यांनी फोन. खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर नव्वद दिवसांच्या आत झोलेड्रोनिक ॲसिड ५ मिलिग्रॅम शिरेतून, वर्षातून एकदा दिल्याने पुढची फ्रॅक्चर ३५ टक्क्यांनी आणि मृत्यू २८ टक्क्यांनी कमी झाल्याचे २००७ मध्ये मोठ्या चाचणीत दिसले. ते देताना क्रिएटिनिन क्लिअरन्स मिनिटाला ३५ मिलिलिटरहून जास्त हवा, आधी ‘ड’ जीवनसत्त्वाची तूट भरलेली हवी, आणि शस्त्रक्रियेनंतर दोन आठवडे जाऊ द्यावेत. हे सगळे डेक्साविना होते. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत खुब्याच्या शस्त्रक्रियेच्या पॅकेजला या तपासण्या आणि हे एक सलाइन जोडून द्या, आणि डिस्चार्ज कार्डावर ‘ठिसूळपणामुळे फ्रॅक्चर : हो / नाही’ असा रकाना सक्तीचा करा. दाव्याची रक्कम त्या रकान्याला बांधली की तो भरला जाईल. नुसत्या परिपत्रकाने भरला जाणार नाही हे आपल्यालाही ठाऊक आहे.

रकान्याचा आणखी एक उपयोग. हरियाणातल्या रोहतक जिल्ह्यात झालेल्या अभ्यासात पन्नाशीपुढच्या लोकांत खुब्याच्या फ्रॅक्चरचे प्रमाण दर लाखामागे वर्षाला १२९ आढळले. महाराष्ट्राच्या प्रत्येक जिल्ह्याचा असा आकडा या एका रकान्यातून आपोआप तयार होईल.

मणक्यांचे दुखणे वेगळे आहे. खुबा मोडलेला माणूस रुग्णालयात येतोच. मणका दबलेला येत नाही. मणक्यांची दोन तृतीयांशाहून अधिक फ्रॅक्चर कोणाच्या लक्षात येत नाहीत. ‘वयाप्रमाणे कंबर धरली’, ‘पाठीला बाक आला’ म्हणून घरच्या घरी तेल-शेक चालतो. विनाखर्चाची खूण म्हणजे उंची. तरुणपणाच्या उंचीपेक्षा ४ सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त कमी झाली, किंवा दोन भेटींच्या दरम्यान २ सेंटिमीटर घटली, तर पाठीचा बाजूने एक्स-रे काढायलाच हवा. त्यासाठी उंची नीट मोजली गेली पाहिजे. प्राथमिक आरोग्य केंद्रात भिंतीवर चिकटवलेली टेप असते. ती अनेकदा फरशीपासून सुरू न होता स्कर्टिंगच्या वरून सुरू होते, किंवा रंगकामानंतर पुन्हा अंदाजाने चिकटवलेली असते. भिंतीला पक्के केलेले, डोक्यावर सरकणारी पट्टी असलेले स्टेडिओमीटर घ्या. चपला काढून, अंबाडा सोडून, टाचा भिंतीला टेकवून मोजा.

त्याहून मोठी गळती एक्स-रेच्या रिपोर्टात होते. खोकल्यासाठी काढलेल्या छातीच्या बाजूच्या एक्स-रेत किंवा पोटाच्या सीटीत दबलेला मणका स्पष्ट दिसत असतो. रिपोर्टात मात्र ‘वयानुसार झिजेचे बदल’ लिहून पुढे जातात. क्ष-किरण विभागांना एक ठरावीक वाक्य द्या : चौथ्या पाठीच्या मणक्यापासून चौथ्या कंबरेच्या मणक्यापर्यंत कोणत्या मणक्याची उंची घटली आहे, आणि किती. मापन जगभर एकच आहे. २० ते २५ टक्के घट सौम्य, २५ ते ४० मध्यम, ४० च्या पुढे तीव्र. ‘फ्रॅक्चर’ हा शब्द रिपोर्टात लिहिलाच पाहिजे. ‘वेजिंग’ (मणका पाचरीसारखा झाला) लिहिले की समोरचा डॉक्टर ते वाचून सोडून देतो.

सीटीचा विषय निघालाच आहे तर एक फुकटची गोष्ट. मुतखड्यासाठी रोज कितीतरी पोटाचे सीटी निघतात. कंबरेच्या पहिल्या मणक्याच्या मधोमध, कडेचे कठीण आवरण टाळून, वर्तुळ ठेवले की संगणक हाउन्सफील्ड युनिटमध्ये आकडा देतो. १२० किलोव्होल्टवर, कॉन्ट्रास्ट न देता काढलेल्या सीटीत तो १६० च्या वर असेल तर ठिसूळपणाची शक्यता कमी. ११० च्या खाली असेल तर त्या रुग्णाला हाडांच्या तपासणीला पाठवावे. नवा क्ष-किरण नाही, नवा खर्च नाही. कॉन्ट्रास्ट दिलेल्या सीटीत हा आकडा फुगतो, एवढे ध्यानात ठेवायचे. यावरून टी-स्कोअर काढू नये आणि औषधही सुरू करू नये; पुढे पाठवायला मात्र तो पुरेसा आहे.

आता डेक्सा. यंत्रे मोठ्या शहरांत एकवटली आहेत आणि जिल्हा पातळीवर ती हवीत, याबद्दल वाद नाही. पण निविदा काढण्यापूर्वी हे पाहा की आज चालू असलेल्या यंत्रांवरचे किती रिपोर्ट वापरण्याजोगे असतात. डेक्साचा डोस छातीच्या एक्स-रेपेक्षाही कमी असतो, त्यामुळे ती ‘सोपी तपासणी’ मानून नवख्या तंत्रज्ञाकडे दिली जाते. चुका सगळ्या तिथेच होतात.

रुग्ण टेबलावर येण्याआधीची चूक कपड्यांची. कंबर आणि खुबा हाच मोजायचा भाग, आणि नेमका तिथेच करदोटा, चांदीचा कंबरपट्टा, परकराच्या नाडीची गाठ, निऱ्यांना लावलेली सेफ्टी पिन, साडीची जर, पँटची चेन. ‘फक्त पिन काढा’ म्हणून साडीवरच तपासणी करण्याची पद्धत बंद करून रुग्णालयाचा गाऊन सक्तीचा करा. करदोटा काढायला रुग्ण तयार नसेल तर तो छातीकडे सरकवा आणि तशी नोंद करा. आदल्या दिवसापासून कॅल्शियमची गोळी नको; न विरघळलेली गोळी मणक्यासमोर आली की मणक्याची घनता वाढलेली दिसते. बेरियम किंवा कॉन्ट्रास्टची तपासणी झाली असेल तर आठवडा-दोन आठवडे थांबावे.

मग मांडणी. कंबरेसाठी पाय ठोकळ्यावर ठेवून कंबरेचा बाक सपाट करायचा; कणा चित्रात सरळ, मधोमध, खाली कंबरेच्या पाचव्या आणि वर पाठीच्या बाराव्या मणक्याचा थोडा भाग दिसायला हवा. बारावा मणका ओळखायला शेवटची बरगडी आणि चौथा-पाचवा ओळखायला कटीच्या हाडाची वरची कडा, या दोन खुणा. मणके मोजताना एकाची चूक झाली तर पुढच्या वर्षीचा बदल चुकीच्या मणक्यांतला निघतो. खुब्यासाठी पाय १५ ते २५ अंश आतल्या बाजूला वळवून पट्टीने आधारकाला बांधायचा. चित्रात मांडीच्या हाडाचा आतला छोटा उंचवटा, लेसर ट्रोकँटर, मोठा आणि टोकदार दिसला की पाय वळवलेलाच नाही असे समजावे. एवढ्यानेही खुब्याच्या मानेचा आकडा बदलतो. पायाचा आधारक यंत्रासोबत येतो, पण ‘वेळ लागतो’ म्हणून कपाटावर पडून असतो.

चित्र नीट आले तरी वाचन उरतेच. समजा एका बाईच्या रिपोर्टात पहिल्या मणक्याचा टी-स्कोअर उणे २.९, दुसऱ्याचा उणे २.८, तिसऱ्याचा उणे ०.९ आणि चौथ्याचा उणे २.६ आहे. संगणक चौघांचे मिळून उणे २.३ च्या आसपास काढतो आणि छापतो ‘ऑस्टिओपेनिया’. तिसरा मणका शेजाऱ्यांपेक्षा १ हून जास्त फरकाने वर का, हे पाहणारा हवा. तो दबलेला असेल; दबला की तेच हाड कमी जागेत येते आणि घनता जास्त दिसते. किंवा कडेला हाडाची वाढ झाली असेल. तो वगळला की उरलेल्या तिघांचे उत्तर उणे २.८ च्या जवळ जाते आणि निदान बदलते. किमान दोन मणके वाचण्याजोगे असावे लागतात. तेवढेही नसतील तर कंबर सोडून खुबा आणि मनगटाजवळच्या हाडाचा एक-तृतीयांश भाग वापरायचा. हे काम संगणक करत नाही. म्हणून चित्राविना, नुसता आकड्यांचा तक्ता असलेला डेक्सा रिपोर्ट शासकीय रुग्णालयांत अमान्य ठरवा.

तुलना कोणाशी, हाही गोंधळच आहे. टी-स्कोअर म्हणजे निरोगी तरुण स्त्रीच्या हाडाशी तुलना. ती तरुण स्त्री कोण? खुब्यासाठी जगभर अमेरिकेतल्या एनहेन्स-३ या राष्ट्रीय आरोग्य पाहणीतल्या २० ते २९ वयाच्या गौरवर्णीय स्त्रिया धरतात, पुरुषांसाठीही त्याच. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१० मध्ये भारतीय संदर्भमूल्ये प्रसिद्ध केली. ती वापरली की ठिसूळ ठरणाऱ्यांची संख्या घटते. एका केंद्रात एक, दुसऱ्यात दुसरी वापरली जाते आणि तीच बाई दोन ठिकाणी दोन निदाने घेऊन फिरते. शिवाय डेक्सा घनता प्रति चौरस सेंटिमीटर मोजते, प्रति घन सेंटिमीटर नाही. त्यामुळे लहान चणीच्या बाईचे हाड मुळातच पातळ दिसते. आमचे मत असे की निदानासाठी राज्यभर एकच आंतरराष्ट्रीय संदर्भ ठेवा, कोणता ते रिपोर्टावर छापा, आणि उपचाराचा निर्णय केवळ टी-स्कोअरवर न घेता पुढच्या दहा वर्षांतला फ्रॅक्चरचा धोका सांगणाऱ्या, भारतासाठीच्या फ्रॅक्स गणनयंत्रावर घ्या. फ्रॅक्समध्ये टी-स्कोअर भरू नका. यंत्राची कंपनी निवडून खुब्याच्या मानेची घनता ग्रॅममध्ये भरा, म्हणजे संदर्भाचा घोळ आत शिरत नाही. अमेरिकेतल्या उपचार सुरू करण्याच्या, खुब्यासाठी ३ आणि प्रमुख फ्रॅक्चरसाठी २० टक्के धोक्याच्या मर्यादा मात्र जशाच्या तशा उचलू नका. त्या तिथल्या फ्रॅक्चरच्या प्रमाणावर आणि तिथल्या औषधांच्या किमतीवर बेतलेल्या आहेत. मधुमेहींत घनता चांगली दिसूनही हाडे मोडतात आणि फ्रॅक्स धोका कमी सांगते. तिथे ‘संधिवात’ या प्रश्नाला ‘हो’ भरण्याची तात्पुरती युक्ती तज्ज्ञ वापरतात. कंबरेच्याच डेक्सा चित्रातून हाडाच्या जाळीचा अंदाज देणारी टीबीएस ही प्रणालीही अशा रुग्णांत उपयोगी पडते. पन्नाशीच्या आतले पुरुष आणि पाळी चालू असलेल्या स्त्रिया यांच्या रिपोर्टावर टी-स्कोअर छापूच नये. तिथे वयाशी तुलना करणारा झेड-स्कोअर वापरायचा. तिशीतल्या मुलीला ‘ऑस्टिओपेनिया’ सांगून घाबरवण्याचे प्रकार त्याने थांबतील.

आणि एक सावधगिरी आपल्याकडे फार गरजेची. ‘ड’ जीवनसत्त्वाची तीव्र तूट असली की हाडात कॅल्शियम बसतच नाही; हाड मऊ पडते. यालाही डेक्सा ‘कमी घनता’ म्हणूनच दाखवते. अल्कलाइन फॉस्फेटेज वाढलेले, फॉस्फरस कमी, मांड्या भरून येणे, जिना चढताना मांडीवर हात टेकावा लागणे, ही त्याची लक्षणे. अशा बाईला ठिसूळपणाची औषधे दिली तर कॅल्शियम धोकादायक खाली जाऊ शकते. तिला आधी ‘ड’ जीवनसत्त्व आणि कॅल्शियम द्यायचे, मग पुन्हा मोजायचे. घनता बऱ्याचदा नुसत्या त्यानेच झपाट्याने वाढते. ६० हजार युनिटची पुडी आठवड्याला एक, आठ आठवडे, ही रीत ठीक. सहा लाख युनिटचे इंजेक्शन शिबिरात टोचणे बंद करा. वर्षाला एकदम पाच लाख युनिट दिलेल्या वृद्ध स्त्रियांत पडण्याचे आणि फ्रॅक्चरचे प्रमाण वाढल्याचे ऑस्ट्रेलियातल्या चाचणीत २०१० मध्ये दिसले आहे.

पाठपुराव्यात सगळ्यात कमी समजलेली गोष्ट म्हणजे ‘बदल’ कशाला म्हणायचे. एका बाईची कंबरेची घनता गेल्या वर्षी ०.७८० होती, यंदा ०.८०२. रिपोर्टात ‘२.८ टक्के सुधारणा’. तिला औषध लागू पडले का? सांगता येत नाही. तीच बाई टेबलावरून उतरून लगेच पुन्हा झोपली तरी आकडा थोडा बदलतो. तो किती बदलतो हे प्रत्येक केंद्राने स्वतः मोजायचे असते. सुमारे शंभर रुग्ण हाताळून झालेल्या प्रत्येक तंत्रज्ञाने ३० रुग्णांची दोनदा किंवा १५ रुग्णांची तीनदा तपासणी करायची. मध्ये रुग्णाने टेबलावरून खाली उतरलेच पाहिजे. नुसते पुन्हा बटण दाबले तर मांडणीतली चूक मोजली जात नाही आणि उत्तर खोटे चांगले येते. प्रत्येक रुग्णाचे प्रमाण विचलन काढून त्यांच्या वर्गांच्या सरासरीचे वर्गमूळ घ्यायचे आणि त्याला २.७७ ने गुणायचे. ही एलएससी, म्हणजे ९५ टक्के खात्रीने खरा म्हणता येईल असा सगळ्यात लहान बदल. विचलन ०.०१२ असेल तर एलएससी ०.०३३. वरच्या बाईचा बदल ०.०२२ आहे, म्हणजे ‘बदल नाही’. आंतरराष्ट्रीय निकषांप्रमाणे एलएससी कंबरेला ५.३ टक्के, पूर्ण खुब्याला ५ आणि खुब्याच्या मानेला ६.९ टक्क्यांच्या वर जाता कामा नये. गेली तर तंत्रज्ञाला पुन्हा प्रशिक्षण. रिपोर्टावर केंद्राची एलएससी छापलेली नसेल तर ‘सुधारणा’ किंवा ‘घट’ हे शब्द वापरायला मनाई करा. आणि तुलना ग्रॅममधल्या घनतेची करा, टी-स्कोअरची नको.

दोन वेगळ्या यंत्रांवरचे रिपोर्ट शेजारी ठेवून फरक काढणे तर निव्वळ चूक. दोन प्रमुख कंपन्यांच्या यंत्रांत कंबरेच्या घनतेतच दहा टक्क्यांहून जास्त तफावत असते. पहिला रिपोर्ट सरकारी, दुसरा खासगी, तिसरा मुलाच्या गावचा, असे झाले की औषध बदलायचे निर्णय हवेत घेतले जातात. जुने यंत्र काढून नवे बसवताना ३० रुग्णांची जुन्यावर एकदा आणि नव्यावर दोनदा, ६० दिवसांच्या आत तपासणी करून दोघांचा मेळ घालायचा असतो. आपल्याकडे जुने यंत्र निर्लेखित होऊन उचलले जाते आणि नवे तीन महिन्यांनी येते. निविदेत ही अट घाला : नवे बसून मेळ होईपर्यंत जुने हलवायचे नाही. फॅन्टम, म्हणजे ठराविक घनतेचा नकली मणका असलेला ठोकळा, दर आठवड्याला किमान एकदा मोजून आलेखावर टिंब टाकायचे. सरासरीपासून दीड टक्क्याच्या बाहेर गेले की त्या दिवशी रुग्ण घ्यायचे नाहीत. देखभाल करारात पैसे भरण्याची अट या आलेखाला जोडा.

पुन्हा डेक्सा साधारण एक ते दोन वर्षांनी. स्टिरॉइड चालू असतील तर लवकर. तोवर औषध लागू पडते की नाही हे रक्तातून कळते. सीटीएक्स हाड झिजल्याची आणि पी१एनपी हाड बनल्याची खूण. औषध सुरू करण्यापूर्वी एकदा आणि तीन महिन्यांनी एकदा. सीटीएक्स जेवणाने आणि वेळेने फार हलते, म्हणून रात्रभर उपाशीपोटी, सकाळी दहाच्या आत, ईडीटीएच्या नळीत, दोन्ही वेळा त्याच प्रयोगशाळेत. दुपारी गोळा करून गाडीतून संध्याकाळी पोहोचलेला नमुना फेकून द्यावा. ॲलेंड्रोनेट या झीज रोखणाऱ्या गोळीवर सीटीएक्स ५६ टक्क्यांहून, पी१एनपी ३८ टक्क्यांहून जास्त उतरले पाहिजे. सीटीएक्स ६२० वरून २७३ च्या खाली यायला हवे होते आणि ५८० वरच थांबले, तर औषध बदलण्याआधी विचारा की गोळी कशी घेता. उत्तर बहुधा ‘सकाळच्या चहाबरोबर’ असे असते. दुधाच्या चहाबरोबर ती गोळी अंगी लागतच नाही. उपाशीपोटी पेलाभर साध्या पाण्याबरोबर, मग अर्धा तास काही खायचे नाही आणि आडवे व्हायचे नाही. नुकतेच हाड मोडले असेल तर ही दोन्ही मापे काही महिने वाढलेली राहतात, आणि मूत्रपिंडे बिघडलेली असतील तर सीटीएक्सवर भरवसा ठेवू नये. हाड बनवणाऱ्या टेरिपॅराटाइड या औषधावर उलट, पी१एनपी वाढलेले दिसायला हवे.

शेवटचा मुद्दा हाडांची झीज रोखणाऱ्या डेनोसुमॅबचा, आणि तो थांबण्यासारखा नाही. दर सहा महिन्यांनी ६० मिलिग्रॅमचे त्वचेखालचे इंजेक्शन. स्वस्त झाले तसे वाढले. पण त्याचा परिणाम हाडात साठत नाही. इंजेक्शन चुकून सातवा महिना उलटला की दबून ठेवलेली झीज उसळून येते आणि काही रुग्णांत एकामागून एक मणके दबतात. पुरवठा खंडित झाला, बाई मुलाकडे राहायला गेली, चौमाशात रस्ता बंद झाला, कारण काहीही असो. म्हणून ज्या रुग्णालयात हे इंजेक्शन दिले जाईल तिथे आधी नोंदवही उघडा : नाव, दोन मोबाइल क्रमांक, त्यातला एक घरातल्या तरुण माणसाचा, दिल्याची तारीख, पुढची तारीख, कॅल्शियम आणि ‘ड’ जीवनसत्त्वाचे आकडे. पाचवा महिना संपताना फोन. गाव बदलणार असेल तर पुढचे इंजेक्शन कुठे मिळेल त्या केंद्राचे नाव कार्डावर लिहून द्यायचे. बंदच करायचे असेल तर शेवटच्या इंजेक्शननंतर सहाव्या-सातव्या महिन्यात झोलेड्रोनिक ॲसिड देऊन बंद करायचे, आणि तीन महिन्यांनी सीटीएक्स पाहायचे. ज्या रुग्णालयात ही नोंदवही नाही, तिथे या इंजेक्शनची खरेदी मंजूर करू नये.

कळावे.

आपले,
अस्थिरोग, अंतःस्राव आणि क्ष-किरण विभागांतले डॉक्टर व डेक्सा तंत्रज्ञ